ट्रायलसाठी वेगळी लॅब नको, आहे ती लॅब सुधारा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पुण्यात कुठल्या ना कुठल्या लसीची नाहीतर औषधाची ट्रायल चालूच असते आणि तिच्या बातम्याही येतात, व्हॉलंटियर किती, कंपनी कुठली, संमतीच्या फॉर्मवर सही नीट घेतली का, काही झालं तर भरपाई किती. हे सगळं विचारलंच पाहिजे. पण एक प्रश्न मी आजवर कुठल्याच बातमीत वाचला नाही, तो म्हणजे या माणसांचं रक्त तपासलं कुठे आणि त्या लॅबच्या आकड्यावर विश्वास का ठेवायचा. मी डीएमएलटी केलेली लॅब टेक्निशियन आहे. बरीचशी नोकरी सरकारी हॉस्पिटलच्या लॅबमधे झाली आणि मधली काही वर्षं परदेशी पैशावर चालणाऱ्या एका रिसर्च प्रोजेक्टच्या लॅबमधे होते, म्हणजे दोन्हीकडचं पाणी प्यायलेय, म्हणून हे लिहितेय. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते.

एकाच कॉरिडॉरच्या दोन टोकांना दोन लॅब. एकीकडे एसी, उणे 80 अंशाचा डीप फ्रीजर, लाइट गेली तर जनरेटर, आणि नियम असा की सकाळी दोन लेव्हलचे कंट्रोल लावून ते रेंजमधे आल्याशिवाय पेशंटचं एकही सॅम्पल मशीनवर चढवायचं नाही. दुसरीकडे कंट्रोल संपून महिना झालेला, इंडेंट (मागणीचा कागद) पाठवलाय, येईल तेव्हा येईल, तोवर ओपीडीची लाइन थांबत नाही म्हणून मशीन तसंच चालू. गंमत म्हणजे मशीन दोन्हीकडे त्याच कंपनीचं. ज्यांना कंट्रोल म्हणजे काय माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं सॅम्पल, ते मशीनवर लावायचं आणि मशीन खरं बोलतंय का बघायचं. ते न लावता दिवसभर रिपोर्ट काढले तर मशीन आकडे देतच राहतं, छापूनही देतं, दोन दशांश स्थळांपर्यंत.

मग प्रोजेक्ट संपतो. पैसा पाच वर्षांचा असतो, फार तर वाढवून आणखी थोडा. ट्रेनिंग घेतलेली पोरं कॉन्ट्रॅक्ट संपलं की मुंबईच्या नाहीतर बेंगलोरच्या प्रायव्हेट लॅबला जातात, आणि जावंच, त्यांना पोट आहे. फ्रीजर हॉस्पिटलला हँडओव्हर होतो, त्याची एएमसी (वर्षाच्या देखभालीचा करार) कुणाच्या बजेटमधून भरायची यावर फाइल फिरते आणि फ्रीजर बंद पडून त्याच्यावर जुन्या रजिस्टरांचे गठ्ठे. हॉस्पिटलची लॅब मात्र होती तिथेच.

आता कुणी म्हणेल, ट्रायलची लॅब चांगली होती ना, ट्रायलचे आकडे बरोबर आले ना, मग तुमचं काय दुखतं? दुखतं ते असं. ट्रायलमधला पेशंट ठरलेल्या व्हिजिटला सकाळी उपाशीपोटी येतो, प्रोजेक्टची नर्स रक्त घेते, अर्ध्या तासात सॅम्पल लॅबमधे, सगळं प्रोटोकॉलप्रमाणे. पण त्याच पेशंटला रात्री दोन वाजता उलट्या सुरू झाल्या तर तो कुठे येतो? कॅज्युअल्टीत. तिथे रक्त कोण घेतं? सकाळपासून उभी असलेली इंटर्न. आणि सॅम्पल कुठे जातं, तर आमच्या इमर्जन्सी लॅबला, कारण प्रोजेक्टची लॅब संध्याकाळी कुलूप लावून घरी गेली. ट्रायलमधे ज्याला सिरियस अॅडव्हर्स इव्हेंट म्हणतात तो 2019 च्या नियमांप्रमाणे 24 तासांत कळवावा लागतो, औषध बंद करायचं का, आजार औषधामुळे झाला की आधीचाच होता, भरपाई लागू होते का, हे सगळं पुढे त्यावरून ठरतं, आणि त्याचा पहिला रिपोर्ट निघतो तो हा असा, कंट्रोल न लावलेल्या मशीनमधून. म्हणजे ट्रायलची लॅब वेगळी आहे हे म्हणणंच मुळात खरं नाही, रात्री तिची आणि आमची लॅब एकच असते.

पोटॅशियमचं उदाहरण देते, कारण आम्हा लॅबवाल्यांची सगळ्यात जास्त डोकेदुखी तीच. लाल पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस पट जास्त असतं, त्यामुळे पेशी फुटल्या की आकडा वर जातो. आणि पेशी फुटतात कशा, तर वॉर्डात सिरिंजने रक्त ओढतात, मग सुई तशीच व्हॅक्युटेनरच्या (रक्त घ्यायच्या बंद ट्यूबच्या) बुचात खुपसून वरून अंगठ्याने दट्ट्या दाबतात, रक्त फेसाळत ट्यूबमधे जातं. सेंट्रिफ्यूज केल्यावर वरचा सीरम पिवळसर दिसायला हवा तो कोकमच्या सरबतासारखा लालसर दिसतो. अशा सॅम्पलचा रिपोर्ट द्यायचा नसतो, परत मागवायचं असतं, पण परत मागवलं की वॉर्डातून फोन, तुम्हाला काम नको असतं का, आणि मग रात्रपाळीचा टेक्निशियन कंटाळून "हिमोलाइज्ड" (पेशी फुटलेल्या) असा शेरा मारून 6.2 असा खोटाच वाढलेला आकडा लिहून मोकळा होतो. दुसरा प्रकार त्याहून भारी, लाल ट्यूबमधे रक्त कमी पडलं म्हणून जांभळ्या ट्यूबमधलं थोडं त्यात ओतायचं. जांभळ्यात रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियम ईडीटीए असतं, मग पोटॅशियम येतं 9 आणि कॅल्शियम येतं 5, म्हणजे कागदावर माणूस मरणाच्या दारात, आणि पेशंट बाकावर बसून वडापाव खात असतो. आणि सॅम्पल लगेच पाठवता येत नाही तर फ्रिजमधे ठेवलं म्हणजे सुरक्षित राहिलं असं निम्म्या सिस्टरांना वाटतं, पण सीरम वेगळा न करता अख्खं रक्त फ्रिजमधे ठेवलं की पोटॅशियम उलट वाढत जातं, थंडीने पेशीचा पंप मंदावतो म्हणून. हे त्यांना कुणी शिकवलेलंच नाही, त्यांचा काय दोष.

साखरेचं याच्या उलट. साध्या ट्यूबमधे रक्त टेबलावर पडून राहिलं तर पेशी साखर खात राहतात, तासाला साधारण 5 ते 7 टक्के, म्हणजे नऊ वाजता घेतलेलं 110 चं सॅम्पल वॉर्डबॉयच्या चहापाण्यासकट साडेअकराला लॅबमधे पोचून तपासलं की 95 च्या आसपास. माणूस डायबेटिसच्या उंबरठ्यावर होता तो कागदावर ठणठणीत. लॅबमधे होणाऱ्या चुकांपैकी निम्म्याहून जास्त चुका सॅम्पल मशीनपर्यंत पोचायच्या आधीच होतात हे जगभरातल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलंय, आणि तरी "लॅब सुधारा" म्हटलं की साहेब लोक नवीन मशीनचं कोटेशन मागवतात!

मशीनमधेही घोळ असतोच. किडनी कशी चालते ते दाखवणारं क्रिएटिनिन घ्या. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते अजूनही जाफे पद्धतीने होतं, पद्धत 1886 ची आहे, स्वस्त आहे म्हणून टिकली, पण कावीळ असेल, साखर खूप असेल किंवा काही अँटिबायोटिक्स चालू असतील तर आकडा हलतो. आता 50 वर्षांची, 45 किलो वजनाची बाई, आपल्याकडे अशाच असतात. क्रिएटिनिन 0.9 आलं तर किडनीचा क्लिअरन्स (रक्त गाळायचा वेग) हिशोबाने 53 येतो, 1.1 आलं तर 43. एचआयव्हीच्या टेनोफोविर गोळीसाठी 50 ही रेघ आहे, त्याखाली डोस बदला किंवा औषध बदला. म्हणजे पॉइंट दोनच्या फरकाने ती बाई ट्रायलमधे घ्यायची की नाही हे ठरणार, घेतली असेल तर औषधाने किडनी बिघडवली की नाही हेही ठरणार, आणि तो पॉइंट दोन औषधाचा नसून मधेच बदललेल्या रिएजंटच्या (टेस्टच्या रसायनाच्या) लॉटचा असू शकतो. सरकारी खरेदीत जो सगळ्यात कमी भाव देईल त्याचं रिएजंट, या वर्षी एक कंपनी पुढच्या वर्षी दुसरी, आणि नवा लॉट आला की जुन्या लॉटशी काही पेशंटची सॅम्पलं दोन्हीकडे लावून ताडून बघायची असतात हे करायला ना वेळ असतो ना जुना लॉट शिल्लक असतो.

आणि रजिस्टर. एका ठिकाणी मी फ्रिजच्या टेंपरेचरचा तक्ता बघितला, 2 ते 8 अंशात असायला हवं, तर रोज सकाळ संध्याकाळ 4, 4, 4, एकाच पेनाने, एकाच हाताने, आणि 30 दिवसांच्या महिन्यात 31 तारखेचंही 4 अंश लिहिलेलं. हसून झालं की लक्षात येतं की हे लिहिणाऱ्या मुलीला कुणीतरी सांगितलंय, उद्या इन्स्पेक्शन आहे, तक्ता भरून ठेव. तक्ता कशासाठी असतो हे कुणी सांगितलेलं नाही. कंट्रोलच्या ग्राफचंही तेच, लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर खरे आकडे मधल्या रेघेच्या वर-खाली नाचतात, कधीतरी दोन एसडीच्या (ठरलेल्या मर्यादेच्या) बाहेर जातात आणि मग थांबून शोधावं लागतं. ज्या लॅबचा ग्राफ महिनाभर सरळ पट्टीने आखल्यासारखा येतो तिथे मला जास्त भीती वाटते.

बाहेरून तपासणी म्हणून ईक्यूएएस असतं, म्हणजे वेल्लोरचं सीएमसी बायोकेमिस्ट्रीसाठी चालवतं, हिमॅटॉलॉजीसाठी दिल्लीचं एम्स, तिथून सॅम्पल येतं, आपण तपासून आकडा कळवायचा, ते सांगतात तुम्ही बाकीच्यांच्या तुलनेत कुठे आहात. फार चांगली व्यवस्था आहे आणि खर्चही प्रोजेक्टच्या मानाने किरकोळ. पण आपली माणसं ते सॅम्पल आलं की लॅबमधल्या सगळ्यात सिनियरच्या हातात देतात, तीन तीन वेळा लावतात, शेजारच्या हॉस्पिटलला फोन करून विचारतात तुमचं किती आलं, आणि मग सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर. अहो, पेशंटचं सॅम्पल रात्रपाळीचा नवा मुलगा एकदाच लावतो, ते सॅम्पलही त्याच्याकडूनच एकदाच लावून घ्या की, कमी मार्क पडले तर पडले, कुठे बिघडलंय ते तरी कळेल.

आपल्याकडे हे जमत नाही असं मात्र मुळीच नाही. भोसरीची नारी, म्हणजे एड्स संशोधनाची सरकारी संस्था, 1992 ची, तिथून एचपीटीएन 052 या एचआयव्हीच्या ट्रायलमधे पेशंट होते, नऊ देशांतली 1763 जोडपी, आणि 2011 मधे निकाल आला की एचआयव्हीचं औषध लवकर सुरू केलं तर जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी कमी होते. जगभरचं धोरण बदललं त्याने. अशा ट्रायलमधे व्हायरल लोडचे (रक्तातल्या विषाणूंच्या मोजणीचे) पॅनल, म्हणजे लॅबच्या परीक्षेची सॅम्पलं, बाहेरून येतात, सीडी4 पेशींचे येतात, आणि नापास झालात तर तुमची ती टेस्ट बंद, दुसऱ्या लॅबकडून करून घ्या. शिरूर तालुक्यातल्या वढूला रोटाव्हायरसच्या भारतीय लसीची ट्रायल झाली, दिल्ली आणि वेल्लोरसकट मिळून 6799 बाळं, तीही खेड्यातून, रस्ता तोच, लाइट तीच. कोविडचं तर सगळ्यांना आठवत असेल, जानेवारी 2020 मधे टेस्ट करणारी लॅब देशात एकच, आपली एनआयव्ही (पुण्याची विषाणू संस्था), आणि 23 जून 2020 ला हजारावी लॅब सुरू झाली, आणि त्या नव्या लॅबांची सॅम्पलं ठरावीक लॅबकडे पाठवून ताडून बघायची सोयही तेव्हाच केली गेली. म्हणजे मनावर घेतलं तर होतं.

आफ्रिकेचं उदाहरण आपल्याला द्यायला आवडत नाही पण या बाबतीत ते आपल्या पुढे आहेत असं माझं मत आहे. तिथे एचआयव्हीसाठी बाहेरचा प्रचंड पैसा आला, आणि जानेवारी 2008 मधे मापुटोला जमून त्यांनी जाहीर केलं की एका रोगाची एक लॅब असं करू नका, देशाची लॅब यंत्रणा उभी करा. पुढच्या वर्षी किगालीत स्टारची पद्धत सुरू केली. एकदम आयएसओ 15189 चं (मेडिकल लॅबच्या आंतरराष्ट्रीय दर्जाचं) सर्टिफिकेट आणा असं नाही, आधी तपासणी, 55 टक्के मिळाले की एक स्टार, 65 ला दोन, असं करत 95 ला पाच. आणि सोबत तिथल्याच कामात शिकवणारा मेंटॉर, तो येतो, तुमच्या कपाटातल्या एक्स्पायर झालेल्या बाटल्या काढून टाकायला लावतो, पुढच्या वेळी परत बघतो. शून्य स्टारच्या लॅबला लाज वाटत नाही कारण सगळेच शून्यापासून चढतायत. शेकडो लॅब यातून गेल्या.

आपल्याकडे कागद कमी नाहीत. आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) चांगल्या क्लिनिकल लॅबची मार्गदर्शक तत्त्वं 2008 ची आहेत, 2021 मधे सुधारली. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलने 2019 मधे छोट्या लॅबसाठी एंट्री लेव्हलची योजना काढली, ती कल्पना चांगलीच आहे, पण किती सरकारी लॅबमधे कुणी येऊन हात धरून शिकवलं ते विचारा. आणि राज्यात लॅब काढायला कुणाची ठोस परवानगी लागत नाही हे तर सगळ्यांना माहीत आहे, केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपण घेतला नाही, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

उद्या कुणी नंदुरबार नाहीतर गडचिरोलीत सिकलसेलच्या औषधाची ट्रायल करायची म्हटली, आणि करायलाच पाहिजे, आजार तिथे आहे तर संशोधन पुण्यात बसून कसं करणार, तर हायड्रॉक्सियुरिया या सिकलसेलच्या औषधावरच्या पेशंटच्या पांढऱ्या पेशी ठरावीक दिवसांनी मोजाव्या लागतात, कमी झाल्या तर औषध थांबवावं लागतं. मे महिन्यात ईडीटीएचं सॅम्पल थर्मासशिवाय एसटीने पाच तास आलं तर त्यातल्या पेशींचं काय होतं ते मशीन सांगत नाही, ते आकडा देतं. स्क्रीनिंगची सोल्युबिलिटी टेस्ट तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळात निगेटिव्ह येऊ शकते, आणि पॉझिटिव्ह आली तरी वाहक की रुग्ण हे त्यातून कळत नाही, त्याला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारं एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतं. हे तालुक्याच्या टेक्निशियनला माहीत असेल तर अर्धं काम झालं.

मला वाटतं ते सोपं आहे. ट्रायलला परवानगी देताना एथिक्स कमिटीने दोन प्रश्न जास्तीचे विचारावेत. एक, रात्री सॅम्पल कुठे जाणार आणि त्या लॅबचे मागच्या वर्षीचे ईक्यूएएसचे निकाल दाखवा, चांगले नसतील तरी चालतील पण दाखवा. दोन, तुम्ही गेल्यावर हॉस्पिटलच्या लॅबमधे काय राहणार, मशीन नको, माणूस आणि सवय काय राहणार. आयसीएमआरच्या 2017 च्या नैतिक तत्त्वांत संशोधनाचा फायदा त्या लोकांपर्यंत पोचावा असं म्हटलेलंच आहे, मग लॅबच्या कंट्रोलचा खर्च त्यात का बसत नाही? स्पॉन्सर म्हणेल आम्ही हॉस्पिटल चालवायला आलो नाही. बरोबर आहे, पण तुमचाच पेशंट रात्री त्या हॉस्पिटलमधे येणार आहे.

आणि सरकारने एक करावं, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात क्वालिटी बघणारं एक पद कायमचं भरावं, 11 महिन्यांच्या कंत्राटावर नाही. कंत्राटी माणसाने कंट्रोल फेल गेला म्हणून ओपीडीचे रिपोर्ट थांबवून दाखवावेत, पुढच्या वेळी त्याचं कंत्राट रिन्यू होतं का बघा. रिएजंटच्या टेंडरमधेच कंट्रोल, कॅलिब्रेटर आणि ईक्यूएएसची फी धरावी, म्हणजे वेगळा इंडेंट नको आणि "बजेट नाही" हे उत्तरही नको. केंद्राच्या 2021 च्या योजनेत 730 जिल्ह्यांत एकत्रित पब्लिक हेल्थ लॅब ठरवल्या आहेत, ट्रायलवाल्यांना सांगा तुमचा प्रोजेक्ट तिथेच आणा, पार्टिशन न टाकता.

तुमच्या वार्ताहरांनीही पुढच्या वेळी ट्रायलची बातमी करायला हॉस्पिटलमधे गेलात तर डीनच्या केबिनमधून निघून लॅबमधे या आणि आजचा कंट्रोल दाखवा म्हणा, आम्ही चहा देऊ. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, कापायचं असेल तर एनएबीएलचं वगैरे कापा पण सिरिंजचा दट्ट्या तेवढा ठेवा, वॉर्डातलं कुणीतरी वाचेल.

आपली नियमित वाचक,
एक लॅब टेक्निशियन, पुणे